बाटली कधी उघडली?

प्रवासाला निघायचं आहे, पण सामान घेऊ नका. मोबाइल घरीच ठेवा, तिकडे रेंज नाही. सैल सुती कपडे घाला, कारण उकाडा फार आहे, आणि दंडावरची बाही चटकन वर सरकली पाहिजे. सोबत घ्यायचा तो फक्त एक प्रश्न. बाळाच्या इंजेक्शनची तारीख जवळ आली की हल्ली घरोघरी निघतो तोच: लसीत पारा असतो म्हणे, मग ती तान्ह्या जिवाला टोचायची कशी?

हा प्रश्न विचारणारे आईबाप वेडे नाहीत. पाऱ्याने माणसं मेली आहेत, अपंग झाली आहेत, आणि त्याची ओळख प्रवासात आपल्यालाही होणार आहे. पण हा पारा लसीत आलाच कशाला, हे बाटलीवरच्या बारीक अक्षरांतून कळत नाही. ते कळायला जुन्या काही बाटल्या उघडताना तिथे उभं राहावं लागतं. चला तर.

पहिला वास येतो तो तुपाचा.

तुम्ही परळला आहात. साल १९०२, पाऊस नुकताच सरलेला, हवा घामट. गिरणीचा भोंगा वाजून थांबलाय आणि पांढऱ्या कापसाचे तंतू केसांत घेऊन माणसांचा लोंढा तुमच्या अंगावरून जातोय. कोपर लागतं, कुणाचा डबा बरगडीत घुसतो. घोड्यांची ट्राम खडखडत गेली की मागे लिदीचा वास उरतो, आणि त्या सगळ्यावर फिनाइल आणि ताज्या चुन्याचा भपका. काही दारांवर लाल वर्तुळं दिसतील. एक वर्तुळ म्हणजे त्या घरातला एक माणूस प्लेगने गेला. एका दारावर तीन आहेत. तिथे रेंगाळू नका. गटाराकडेला मेलेला उंदीर दिसला तर पाय मागे घ्या आणि समोरच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या फाटकातून आत शिरा.

आत छत उंच आहे, गारवा आहे आणि काचेचे मोठे चंबू रांगेने मांडलेले आहेत. एकाही चंबूला धक्का लावू नका. आत बोकडाच्या मांसाचा रस्सा आहे. गाईचं किंवा डुकराचं मांस वापरलं तर कुणी ना कुणी ही लस नाकारेल, म्हणून बोकड. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगतायत आणि त्या थेंबांना धरून पांढरट धागे खाली लोंबतायत. ते धागे म्हणजे जिवंत प्लेग. तुमच्या नाकापासून वीतभर अंतरावर. वाल्डेमार हाफकिन यांनी हे जंतू असेच वाढवले, तापवून मारले आणि त्यांचीच लस केली. पहिली सुई त्यांनी १८९७ च्या जानेवारीत स्वतःला टोचून घेतली होती.

आता बाही वर करा. सुई आजच्यापेक्षा बरीच जाड आहे आणि औषधही बरंच जास्त. दंडात गोळा येतो, रात्री अंग फणफणतं, कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवाव्या लागतात. तरी रांग हलत नाही, कारण प्रत्येकाच्या चाळीत एखादं लाल वर्तुळ आहे.

बाटली भरतात तिथे दुसरा वास येतो, नाकात झोंबणारा. तो कार्बॉलिक ॲसिडचा. जंतू मारण्यासाठी उष्णता पुरते, मग कार्बॉलिक कशाला? तर पुढे बाटली उघडल्यावर हवेतलं, हातावरचं काही आत पडलं तर ते वाढू नये म्हणून. मात्र तुम्ही पोचलात त्या सुमारास हा वास विरळ होत चाललाय. पंजाबातून लसीची मागणी प्रचंड आली आहे, काम झपाट्याने उरकायला हवं, म्हणून नव्या पद्धतीत कार्बॉलिक वगळून नुसत्या उष्णतेवर भर दिला जातोय.

त्यातल्या काही बाटल्यांबरोबर आगगाडीत बसा. दोन-तीन दिवसांनी कोळशाची धूळ झटकत पंजाबातल्या मुलकोवाल गावी उतरा. ३० ऑक्टोबरची सकाळ. धुळीत माणसं उकिडवी बसली आहेत, पोरं आयांच्या ओढण्यांत तोंड खुपसतायत. १०७ जणांना टोचायचं आहे, बाटल्या पाच. एका बाटलीचं बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडतो. तो उचलतो, कार्बॉलिकच्या पाण्यात हलवून घेतो आणि बूच उपसतो. तुम्ही पाहिलंत, बाकी कुणाचं लक्ष नाही. सगळं कसं नेहमीसारखं चाललंय.

आठवडाभराने त्याच गावात पुन्हा आलात तर घरांतून वेगळे आवाज येतील. जबडे मिटले आहेत, पाठी कमानीसारख्या ताणल्या आहेत, पाण्याचा घोटही घशाखाली जात नाही. धनुर्वात. त्या एका बाटलीतून टोचलेले १९ जण, सगळे गेले. बाकीच्या चार बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झालं नाही. हाफकिनना कामावरून दूर केलं गेलं आणि दोषातून सुटायला पुढची पाच वर्षं लागली. त्या पडलेल्या चिमट्याची साक्ष तेव्हा महत्त्वाची ठरली. परळच्या त्या प्रयोगशाळेला आज त्यांचं नाव आहे. आत शिरलेला जंतू रोखायला त्या बाटलीत काहीच नव्हतं, ही गोष्ट मात्र जगाच्या पुरती लक्षात राहिली नाही.

म्हणून आता समुद्र ओलांडायचा आहे.

ऑस्ट्रेलिया. क्वीन्सलँडमधलं बंडाबर्ग गाव. साल १९२८, महिना जानेवारी, म्हणजे तिकडे ऐन उन्हाळा. कोल्हापूर-सांगलीकडचे असाल तर तुम्हाला डोळे उघडायच्या आधीच गाव ओळखीचं वाटेल, कारण हवेत मळीचा आंबूस-गोड वास भरलाय. दोन्ही अंगांना डोक्याच्या वर गेलेला ऊस. बर्नेट नदीच्या काठी साखरेचे कारखाने आणि मळीपासून रम गाळणारी भट्टी. घरं लाकडी, खांबांवर उचललेली, वर पन्हाळी पत्रा. दुपारी पत्रा कडकड वाजतो आणि घरातल्या बायका दारं-खिडक्या सताड उघडून पडवीत येऊन बसतात. बर्फवाला घोडागाडीतून येतो, खांद्यावर गोणपाट टाकून बर्फाची लादी आत नेतो. मागे पोरं धावतात, सांडलेला चुरा चोखायला. तुम्हीही एक तुकडा उचला. जिभेला गोणपाटाची चव लागेल, पण गार वाटेल.

पडवीत एक बाळ सारखं किरकिरतंय. त्याला उजेड सोसत नाही, ते आईच्या खांद्यात तोंड लपवतंय. तळहात-तळपाय गुलाबी पडलेत, सोलवटल्यासारखे. केस विरळ झालेत. त्याची आई तुम्हाला सांगते की दात येतायत ना, म्हणून चिडचिड. तिच्या हातात कागदाची पुडी आहे, दात येताना द्यायची पूड. ती चिमूटभर पूड बाळाच्या जिभेवर टाकते. त्या पुडीत कॅलोमेल आहे, पाऱ्याचा एक पांढरा क्षार. बाळाच्या आजाराला तिथले डॉक्टर पिंक डिसीज म्हणतात. त्याचा संबंध पाऱ्याशी आहे हे कळायला अजून जवळजवळ २० वर्षं आहेत. पुढे या पुड्यांतून पारा काढला गेला आणि तो आजारही जवळपास नाहीसा झाला.

तुम्हाला ती पुडी हिसकावून घ्यावीशी वाटेल. तसं करता येणार नाही. पण हे बाळ ध्यानात ठेवा. पाऱ्याची भीती हवेतून आलेली नाही. कोणता पारा, किती, आणि शरीरात किती दिवस, हे विचारायला आपण अशाच बाळांकडून शिकलो.

शेजारच्या घरात चला, पण तोंडावर रुमाल धरा. आत घटसर्प आहे. चार-पाच वर्षांची मुलगी खाटेवर बसूनच आहे, कारण आडवं झालं की श्वास अडतो. मान सुजून हनुवटीला टेकलीय. घरच्यांनी दिवा तुमच्या हातात दिलाय. डॉक्टर चमच्याने जीभ दाबतात आणि तुम्हाला तिच्या घशात राखी रंगाचा पापुद्रा दिसतो, घट्ट चिकटलेला. सोलायला गेलं तर रक्त येतं. तिच्या श्वासाला कुजका, गोडसर वास आहे. तो एकदा नाकात बसला की उसाच्या मळीतही येत राहतो. तिचा प्रत्येक श्वास करवतीसारखा वाजतोय आणि घरातलं प्रत्येक माणूस नकळत तिच्याबरोबर श्वास ओढतंय. पुढचा श्वास येईपर्यंत तुम्हीही तुमचा रोखून धरलाय.

म्हणूनच शुक्रवारी, २७ जानेवारीला, आया आपल्या मुलांची तोंडं धुऊन, भांग पाडून, स्वच्छ कपडे घालून त्यांना लस टोचायला आणतात. कुणी जबरदस्ती केलेली नाही. तुमच्या हातात एका मुलाचा हात आहे, घामाने चिकट, बोटांना कसलासा पाक लागलेला. तो विचारतो, दुखेल का? तुम्ही म्हणता, मुंगी चावल्यासारखं.

डॉक्टर कपाटातून बाटली काढतात. छोटी, तोंडाला रबरी बूच असलेली. सुई बुचातून आत जाते, औषध ओढलं जातं, सुई बाहेर येते. एक मूल, मग दुसरं, मग तिसरं. डॉक्टर मनापासून काम करतायत. गावात घटसर्प राहू नये हीच त्यांची धडपड आहे. फक्त एक गोष्ट बघा. ही बाटली आज उघडलेली नाही. तिच्या बुचातून पहिली सुई गेली त्याला दहा दिवस झाले, आणि मधल्या दिवसांतही ती वापरली गेली आहे. दहा दिवस ती बर्फात नव्हती. या उकाड्यात, कपाटात होती. आणि तिच्यात जंतू रोखणारं कोणतंही औषध नाही.

आज २१ मुलांना टोचलं. तुमच्या हातातलं मूल रडलं नाही. बाहेर येऊन त्याने बर्फवाल्याच्या गाडीमागे धाव घेतली.

संध्याकाळी पहिल्या घरात उलटी होते. आई म्हणते, आंबे जास्त झाले. मग दुसऱ्या घरात, तिसऱ्या घरात. अंगं तापतात, झटके येतात, ओठ निळे पडतात. गावभर दिवे पेटतात, घोडागाड्या आणि मोटारी एकाच दिशेने धावतात, इस्पितळाच्या व्हरांड्यात माणसं मावत नाहीत. कुणाला काही समजत नाही. २१ पैकी १८ मुलं आजारी पडली आणि १२ गेली, बहुतेक दुसऱ्याच दिवशी. एका घरातून तीन भाऊ गेले.

मेलबर्नहून चार्ल्स केलावे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. बाटलीत उरलेलं औषध तपासायचं काम मॅकफार्लेन बर्नेट या तरुण संशोधकाकडे आलं. त्यांना पुढे नोबेल मिळालं. बाटलीत सापडला स्टॅफिलोकॉकस, म्हणजे आपल्या कातडीवर, नाकात, फोडांत असतो तो रोजचा जंतू. लस बिघडलेली नव्हती, तिचं प्रमाणही चुकलेलं नव्हतं. कधीतरी बुचातून एक जंतू आत गेला, त्याला पोषक रस मिळाला, क्वीन्सलँडची ऊब मिळाली आणि तो वाढत राहिला. आयोगाने एक साधी शिफारस केली: जी बाटली पुन्हा पुन्हा उघडायची आहे तिच्यात जंतू वाढू न देणारं औषध पुरेसं असलंच पाहिजे, नाहीतर अशी बाटली द्यायचीच नाही.

लसीत पारा येण्याचा रस्ता बंडाबर्गच्या त्या खोलीतून जातो.

आता जंतू रोखायला कार्बॉलिक होतंच की. होतं, पण पुरेशा प्रमाणात घातलं तर ते जळजळतं आणि काही लसींची ताकद खातं. जंतू रोखेल आणि लसीला धक्का लावणार नाही असं काहीतरी हवं होतं. त्याच सुमारास अमेरिकेत मॉरिस खराश या रसायनशास्त्रज्ञाने एक नवं संयुग तयार केलं, थायोमर्सल. वजनाने त्यातला निम्मा भाग पारा. एली लिली कंपनीने ते मर्थायोलेट या नावाने बाजारात आणलं. इंडियानापोलिसच्या प्रयोगशाळेत तुम्ही डोकावलात तर पिंजऱ्यातल्या सशांचा उग्र वास येईल आणि काचेच्या बशांत दिसेल की या औषधाचा अंश असला तरी जंतूंची वाढ थांबते. पण इथे तुमच्या भुवया उंचावू देत. माणसांवरची सुरुवातीची तपासणी फारच तोकडी होती. मेनिंजायटिसने मरणाच्या दारात असलेल्या २२ रुग्णांना ते टोचलं आणि लगेच काही अपाय दिसला नाही एवढंच. ते रुग्ण त्या आजारानेच गेले, त्यामुळे पुढे काय झालं असतं हे त्यांच्यावरून कळणं शक्य नव्हतं. आजच्या मापाने ती तपासणी कुणी मान्य करणार नाही.

तेव्हाची माणसं पाऱ्याला आजच्यासारखी बिचकत नव्हती, हेही खरं. दुखऱ्या दाढेत पारा भरत, जखमेवर पारा लावत. तुमच्या स्वतःच्या गुडघ्यावर लहानपणी घरच्यांनी जे लाल औषध लावलं असेल, ते मर्क्युरोक्रोम, त्यातही पाराच होता.

पुढची उडी मोठी आहे. डोळे मिटा, आणि कानाला गार वारा लागला की उघडा.

एसीचा झोत. माशांची टाकी गुळगुळ वाजतेय. पायाखाली प्लास्टिकचे रंगीत ठोकळे, हवेत बेबी पावडर आणि साबणाचा वास. न्यू जर्सीतलं एडिसन, जुलै १९९९, लहान मुलांच्या डॉक्टरांचा दवाखाना. शेजारच्या खुर्चीत एक मराठी आई बसली आहे, कुशीत अगदी कोवळं बाळ. ती तुमच्याकडे बघून हळूच म्हणते, “काल बातम्यांत बघितलं. लसीतून पारा काढणार म्हणे. मग पहिल्या मुलीला टोचलं तेव्हा काय टोचलं होतं?”

तिचे हात गार पडलेत. तिला उत्तर द्यायची घाई करू नका. तिचा हिशेब आधी समजून घ्या, कारण त्यात वेडेपणा काहीच नाही. अमेरिकेत औषधांतला पारा मोजायचं ठरलं. एकेका लसीतला पारा किरकोळ होता, पण लसी वाढल्या होत्या. पहिल्या सहा महिन्यांतल्या सगळ्या लसी मिळून बेरीज जास्तीत जास्त १८७.५ मायक्रोग्रॅमपर्यंत जात होती. दहा लाख मायक्रोग्रॅम म्हणजे एक ग्रॅम.  शिवाय ही बेरीज ताडून बघायला माप होतं ते मासे खाऊन पोटात जाणाऱ्या मिथाइल पाऱ्याचं, कारण थायोमर्सलमधून सुटतो त्या इथाइल पाऱ्याचं वेगळं माप तेव्हा नव्हतंच. म्हणून तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आणि सरकारी आरोग्य खात्याने मिळून खबरदारी म्हणून सांगितलं: पारा काढा. २००१ पर्यंत नेहमीच्या बाललसींतून तो निघालाही. फ्लूच्या काही बाटल्यांत तेवढा राहिला.

खबरदारीलाही किंमत असते. त्या गडबडीत काही रुग्णालयांनी जन्मतःच द्यायची हिपॅटायटिस बीची लस थांबवली, अगदी जिथे आईलाच हिपॅटायटिस बी होता अशा बाळांचीही. डोळ्यांसमोरची भीती टाळताना डोळ्यांआडचा धोका विसरला गेला.

मिथाइल आणि इथाइल हा फरक बंडाबर्गच्या रमवाल्यांना सांगावा लागत नाही. मालवणीच्या विषारी दारूची बातमी वाचलेल्या मुंबईकरालाही नाही. इथाइल अल्कोहोल चढतं आणि उतरतं. मिथाइल अल्कोहोल डोळे नेतं आणि जीव घेतं. नावात एका अक्षराचा फरक, शरीरातली वाट मात्र निराळी. पाऱ्याचंही तसं. जपानच्या मिनामाता गावात कारखान्याच्या सांडपाण्यातून खाडीत गेला तो मिथाइल पारा. मासळीतून तो वर्षानुवर्षं पोटात गेला, आईच्या गर्भातल्या बाळांपर्यंत पोचला. तो रक्तातून निम्मा व्हायला जवळपास दीड महिना लागतो. लसीतला इथाइल पारा लहान मुलांच्या रक्तात मोजला तेव्हा तो साधारण चार ते सात दिवसांत निम्मा होताना दिसला, आणि तो आतड्यांवाटे बाहेर पडतो. माकडांच्या पिल्लांवर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लसीतला पारा दिलेल्या पिल्लांच्या मेंदूत एकूण पारा मिथाइल पारा दिलेल्यांपेक्षा बराच कमी निघाला, मात्र उरलेल्यात असेंद्रिय पाऱ्याचा वाटा जास्त होता. हे लपवण्याचं कारण नाही. म्हणूनच नुसत्या रसायनावर न थांबता खऱ्या मुलांकडे बघावं लागलं.

ते बघितलं गेलं. डेन्मार्कने १९९२ मध्येच लसीतलं थायोमर्सल बंद केलं होतं. लसीतल्या पाऱ्यामुळे मुलांना ऑटिझम होतो अशी भीती होती. ती खरी असती तर ऑटिझमची नोंद त्यानंतर घटायला हवी होती, ती वाढत राहिली. त्याच देशात ४,६७,४५० मुलांच्या नोंदी तपासल्या, थायोमर्सलवाली लस घेतलेली आणि बिनथायोमर्सलची घेतलेली. ऑटिझमच्या प्रमाणात फरक सापडला नाही. कॅलिफोर्नियातही पारा निघून गेल्यावर आकडे खाली आले नाहीत. २००४ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने हा सगळा पुरावा समोर ठेवून सांगितलं की थायोमर्सलमुळे ऑटिझम होतो हे पुराव्याला धरून नाही. थायोमर्सलने क्वचित कुणाला टोचल्या जागी ॲलर्जीची लाली येते. तेवढं खरं आहे.

एडिसनमधल्या त्या आईला हे १९९९ मध्ये कुणी सांगू शकत नव्हतं, कारण यातले बरेच अभ्यास व्हायचे होते. तिची काळजी बरोबर होती. उत्तर नंतर आलं. आज तोच प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर हाताशी आहे, आणि ते बाजूला सारून नुसती काळजीच पुढे पाठवत राहणं हा आपल्या मुलांवर अन्याय आहे.

आता घरी या. पण थेट नाही, वाटेत एका अंगणवाडीत थांबायचं आहे.

लसीकरणाचा दिवस. भिंतीवर फळं-भाज्यांची चित्रं, सतरंजीवर आया मांडी घालून, प्रत्येकीच्या मांडीवर टोपडं घातलेलं बाळ. शिजलेल्या खिचडीचा वास, ओल्या लंगोटांचा वास, एक रडलं की सगळी रडतात. आशाताई दारात उभ्या राहून नावं पुकारतायत, “अहो, कार्ड आणलंय का कार्ड?” सिस्टर निळी पेटी उघडतात, आत बर्फाच्या पट्ट्या. बाहेर मे महिन्याचं ऊन आहे, बंडाबर्गपेक्षा कडक.

दीड महिन्याच्या बाळाची पाळी येते. त्याची आई मान खाली घालून विचारते, “सिस्टर, यात पारा असतो म्हणे?”

“असतो ताई, अगदी थोडा. ही बाटली दहा जणांची आहे. मधे काही जंतू गेला तर वाढू नये म्हणून घालतात.”

आणि त्या बाटली आईसमोर धरतात. जवळ जा आणि तुम्हीही बघा. पेंटाव्हॅलंटची बाटली, पाच आजारांविरुद्धची. घटसर्प त्यातलाच एक. तुम्ही दिवा धरला होता तो. अशा लसींत थायोमर्सल असतं ०.००५ ते ०.०१ टक्के, म्हणजे एका डोसमागे साधारण १२.५ ते २५ मायक्रोग्रॅम पारा. लेबलवर एक छोटा गोल आहे आणि त्यात चौकोन. बाटलीला उष्णता लागली तर चौकोन गडद होत जातो. तो गोलाइतका काळा झाला की बाटली फेकायची. शेजारी पेनने तारीख लिहिलीय, बाटली उघडल्याची. ही बाटली थंड राहिली, चौकोन फिका राहिला आणि बूच स्वच्छ राहिलं, तर उघडल्यापासून २८ दिवसांपर्यंत वापरता येते. सुई मात्र प्रत्येक बाळाला नवी, एकदा वापरली की दट्ट्या परत मागे ओढताच येत नाही अशी.

पेटीत गोवर-रुबेलाचीही बाटली आहे. तिच्यात पारा नाही, कारण ती जिवंत लस आहे आणि असं औषध तिला मारून टाकेल. म्हणून ती उघडल्यावर चार तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. असे नियम मोडले की काय होतं ते दक्षिण सुदानमध्ये २०१७ साली दिसलं. तिथे गोवराची लस थंड ठेवली नाही, तिची भुकटी कालवायची एकच सिरिंज दिवसेंदिवस वापरली आणि १५ मुलं दगावली. बंडाबर्ग अजून घडू शकतं.

मग पारा नकोच म्हणून प्रत्येक बाळाला स्वतंत्र बाटली का नाही? जिथे परवडतं तिथे देतात. पण दहा जणांच्या एका बाटलीऐवजी दहा बाटल्या म्हटल्या की फ्रिजची, पेटीची आणि बर्फाची गरज कैक पटींनी वाढते. सह्याद्रीतल्या पाड्यावर डोक्यावरून पेटी नेणाऱ्या माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की काही बाळांपर्यंत लस पोचणारच नाही. पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा मिनामाता करार झाला, त्यातही हे ओळखून थायोमर्सल असलेल्या लसी वगळल्या गेल्या. ज्या गावाचं नावच पाऱ्याच्या विषासाठी जगाला माहीत झालं, त्या नावाच्या करारात ही सूट आहे.

बाळाच्या डाव्या मांडीत सुई जाते. ते क्षणभर स्तब्ध, मग जी बोंब ठोकतं, की खिडकीतली चिमणी उडते. आई त्याला छातीशी घेते. सिस्टर सांगतात, अर्धा तास इथेच बसा, रात्री ताप आला तर हे औषध द्या, पुढची तारीख चार आठवड्यांनी.

तुम्हीही आता बाही खाली करा. पुढच्या वेळी तुमच्या घरातलं बाळ घेऊन जाल तेव्हा पाऱ्याबद्दल जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. त्याच श्वासात आणखी तीन गोष्टी विचारा: बाटली कधी उघडली, चौकोनाचा रंग काय आहे, सुई नवी आहे ना? बाळाच्या जिवाचा धोका आज या तीन प्रश्नांत आहे, आणि आपल्या गावच्या सिस्टर त्यांची उत्तरं आनंदाने देतात. दीड महिन्याची तारीख हुकली असेल तरी बिघडलं नाही, येत्या सत्राला जा आणि कार्ड न विसरता घ्या.